भगवान पार्श्वनाथांनी नेमकं काय सांगितलं?

वारणाकाठ (रविवार, रात्री १०:१२)

जय जिनेंद्र, नमस्कार.

परवा श्रावण शुद्ध सप्तमीला आमच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, निर्वाणलाडू चढवला. आमचे मूलनायक (मंदिरातली मुख्य मूर्ती) पार्श्वनाथ, त्यामुळे या मुकुट सप्तमीला गाव लोटतं. अभिषेक झाला, आरती झाली, पद्मावतीच्या ओट्या भरून झाल्या. घरी येताना नऊ वर्षांच्या नातीनं विचारलं, "आजी, महावीरांनी अहिंसा शिकवली. मग पार्श्वनाथांनी काय शिकवलं?"

मी तिला कमठाची गोष्ट सांगितली. पंचाग्नी तप करणारा तापस, जळणारा ओंडका, त्यात होरपळलेलं नाग-नागिणीचं जोडपं, कुमार पार्श्वांनी त्यांना ऐकवलेला णमोकार मंत्र, पुढं तेच धरणेंद्र-पद्मावती हे नागदेव झाले आणि कमठाच्या जीवानं वादळ घातलं तेव्हा त्यांनी पार्श्वांच्या डोक्यावर फणा धरला. तिनं सगळं नीट ऐकलं आणि म्हणाली, "ही त्यांची गोष्ट झाली. त्यांनी शिकवलं काय?"

मला उत्तर देता आलं नाही. साठ वर्षं या मूर्तीपुढं हात जोडतेय. त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून घरातली पुस्तकं काढली, बस्तीच्या कपाटातली आणली, आणि जे हाती लागलं ते इथे मांडतेय. चुकलं तर दुरुस्त करा.

पार्श्वनाथ तेविसावे तीर्थंकर. जन्म वाराणसीचा, वडील राजा अश्वसेन, आई वामादेवी. तीस वर्षं घरात, सत्तर वर्षं मुनी म्हणून विहार, शंभराव्या वर्षी सम्मेद शिखरावर निर्वाण. महावीरांच्या आधी अडीचशे वर्षं, असं परंपरा सांगते. महावीरांचं निर्वाण इ. स. पू. ५२७ धरलं तर पार्श्वनाथांचं ७७७ येतं. अभ्यासक हे आकडे अलीकडे ओढतात, पण बुद्ध-महावीरांच्या आधी पार्श्व नावाचा श्रमणांचा गुरू खरोखर होऊन गेला हे बहुतेक सगळे मानतात.

कमठाची गोष्ट आपण नेहमी शेवटाकडून सांगतो, म्हणून तिचं तोंड कुठं आहे हे विसरतो. पोदनपूरच्या अरविंद राजाचा मंत्री विश्वभूती. त्याची दोन मुलं, थोरला कमठ आणि धाकटा मरुभूती. कमठानं धाकट्याच्या बायकोवर नजर टाकली, राजानं त्याला हाकलून दिलं आणि तो रानात तापस होऊन बसला. मरुभूतीला चैन पडेना. चूक त्याची नव्हती, तरी भाऊ आपल्यामुळं देशोधडीला लागला म्हणून तो क्षमा मागायला गेला. पायावर डोकं ठेवून वाकलेला असतानाच कमठानं हातातली शिळा त्याच्यावर टाकली.

तिथून जन्मोजन्मीचं वैर सुरू होतं. मरुभूती हत्ती होतो, कमठ साप होऊन त्याला डसतो. एक जीव मारत राहतो, दुसरा सोसत राहतो आणि सोसता सोसता शांत होत जातो. दहाव्या जन्मी मरुभूतीचा जीव पार्श्वनाथ होतो. मूर्तीवरचा फणा पाहताना मला आता त्या रक्षणाऐवजी ते वाकलेलं डोकं आठवतं. हेमचंद्राचार्यांचा एक श्लोक आहे, त्याचा अर्थ असा: कमठ आणि धरणेंद्र आपापल्या स्वभावाप्रमाणं वागत होते, आणि प्रभूंचं मन दोघांच्या ठायी सारखंच होतं. मारणारा आणि वाचवणारा, दोघांसाठी एकच मन! हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि उपदेश? त्याला चातुर्याम म्हणतात. चार याम, म्हणजे चार व्रतं: हिंसा न करणं, खोटं न बोलणं, न दिलेलं न घेणं, आणि चौथा, अर्धमागधीत ज्याला 'बहिद्धादाण' म्हणतात तो. म्हणजे बाहेरच्या वस्तू घेण्यापासून, धरून ठेवण्यापासून दूर राहणं. महावीरांनी त्यातून ब्रह्मचर्य वेगळं काढलं आणि पाच महाव्रतं झाली, असं वाचलं.

मला विचारायचंय ते असं: हे चार याम आपल्या घरांत, बस्तीत, जैन स्थानकात (प्रवचनाच्या जागी) कुणी शिकवतं का? की पार्श्वनाथ म्हटलं की विघ्नहर्ता, चिंतामणी, मनोकामना, इथेच आपण थांबलोय?

---

ओंजळ (रविवार, रात्री ११:०५)

फार मनापासून लिहिलंय ताई. आमच्याकडे शुक्रवारी पद्मावतीच्या गाभाऱ्यात पाय ठेवायला जागा नसते आणि शेजारी पार्श्वनाथांपुढे कधी कधी कुणीच नसतं. माझ्या सासूबाईंची पद्मावतीवर जीव ओवाळून टाकावा अशी श्रद्धा होती, तिला मी नावं ठेवणार नाही, त्यांचं सगळं आयुष्य त्या आधारावर उभं होतं. पण चार याम हा शब्द मी आज पहिल्यांदा ऐकला. पुढचं वाचायला थांबलेय.

---

लिपिकार (सोमवार, सकाळी ७:४०)

पार्श्वनाथ ऐतिहासिक का मानले जातात याबद्दल थोडी भर.

आचारांग या जैन आगमात, म्हणजे जुन्या धर्मग्रंथात, एक साधा उल्लेख येतो: महावीरांचे आईवडील पार्श्वांचे अनुयायी होते. म्हणजे ज्या घरात महावीर जन्मले तिथं हा धर्म आधीच पाळला जात होता. भगवतीसूत्रात, सूत्रकृतांगात पार्श्वपरंपरेतले साधू भेटतात आणि महावीरांच्या संघाला प्रश्न विचारतात. सूत्रकृतांगातला उदक पेढालपुत्र नालंदेजवळ महावीरांचे शिष्य गौतम यांच्याशी व्रताच्या शब्दरचनेवरून किती बारीक वाद घालतो! आपल्याच संप्रदायाबाहेरचा, तरी आदरणीय असा जुना संघ कुणी उगाच कल्पून लिहीत नाही.

दुसरा पुरावा बौद्धांचा. दीघनिकायातल्या सामञ्ञफलसुत्तात निगंठ नातपुत्ताच्या, म्हणजे महावीरांच्या तोंडी 'चातुयामसंवर' हा शब्द घातलाय. तिथं दिलेले चार संवर (संयम) वेगळेच आहेत, पण नाव पार्श्वांच्या धर्माचं. एकोणिसाव्या शतकात जर्मन अभ्यासक हर्मन याकोबींनी हेच धरून मांडणी केली की, बौद्धांच्या कानावर निर्ग्रंथांचा (जैन साधूंचा) जुना, महावीरांच्या आधीचा धर्म होता.

मुंबईकरांनी एकदा फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावं. तिथं पार्श्वनाथांची छोटी कांस्यमूर्ती आहे, कायोत्सर्गात, म्हणजे हात सोडून ध्यानात उभी, मागे नागफणा. काळाबद्दल मतभेद असले तरी देशातल्या सर्वांत जुन्या जैन धातुमूर्तींत तिची गणना होते. शाळेच्या सहली समोरून निघून जातात, मूर्ती लहान असल्यानं लक्षात येत नाही. मी दर वर्षी एकदा जाऊन तिच्यापुढं उभा राहतो.

वेरूळच्या जैन लेण्यांत तर पार्श्वनाथ आणि बाहुबली पुन्हा पुन्हा समोरासमोर कोरलेत. एकीकडे वादळ, शिळा, राक्षसी चेहरे, दुसरीकडे अंगावर वेली चढेपर्यंतची शांतता. दोघंही उभे, हात सोडलेले. लेण्यांच्या वरच्या टेकडीवर शके ११५६ मध्ये, म्हणजे १२३४-३५ साली, चक्रेश्वर नावाच्या श्रावकानं (जैन गृहस्थानं) करवलेली पार्श्वनाथांची भव्य बैठी मूर्ती आहे. बहुतेक पर्यटक कैलास पाहून परत फिरतात. पुढच्या वेळी वर चढा.

---

स्थानकवासी (सोमवार, दुपारी १:२०)

वारणाकाठ, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: हो, आमच्याकडे ऐकायला मिळतं, पण वर्षातून एकदा. दिवाळीच्या दिवसांत स्थानकात उत्तराध्ययन वाचलं जातं, त्याचं तेविसावं अध्ययन केशी-गौतम संवादाचं. आगमांतली माझी सर्वांत लाडकी जागा ती.

श्रावस्तीत दोन संघ एकाच वेळी येऊन उतरले. पार्श्वपरंपरेचे केशी कुमारश्रमण तिंदुक उद्यानात, महावीरांचे पट्टशिष्य गौतम कोष्ठक उद्यानात. दोन्हीकडचे शिष्य भिक्षेला फिरताना एकमेकांना पाहायचे आणि गोंधळायचे. ध्येय एक, मग यांचे याम चार आणि आमची व्रतं पाच कशी? यांना वस्त्रं आहेत, आमच्याकडे अचेल, म्हणजे वस्त्राविना, धर्म, असं का?

गौतम स्वतः उठून केशींकडे गेले. कारण गाथेत दिलंय: पार्श्वांचं कुळ ज्येष्ठ, म्हणून. केशींनी त्यांना बसायला लगेच पराळ आणि कुश गवत पुढं केलं. दोघं बसले, गावचे लोक जमले. भांडण जुंपेल म्हणून काही पाखंडीही (इतर पंथांचे लोक) कुतूहलानं आले होते, हे वाचून मला दर वर्षी वाटतं की माणसं तेव्हाही अशीच होती.

केशींनी पहिलाच प्रश्न चार-पाचाचा विचारला. गौतमांचं उत्तर असं की, पहिल्या तीर्थंकरांच्या वेळचे साधू सरळ पण मंद, त्यांना धर्म समजायला कठीण. शेवटच्यांच्या वेळचे वाकडे आणि मंद, त्यांना पाळायला कठीण. मधल्या बावीस तीर्थंकरांचे साधू सरळ आणि सुज्ञ, त्यांना थोडक्यात सांगितलं तरी पुरे. धर्म तोच, ऐकणारा बदलला.

मग प्रश्न वाढत जातात. उधळणारा घोडा कोणता? मन. त्याचा लगाम? श्रुतज्ञान. हृदयात उगवलेली विषवेल कोणती? तृष्णा. नाव कोणती? शरीर, आणि नावाडी जीव. दर वेळी केशी म्हणतात, "छान, गौतमा, तुझी प्रज्ञा चांगली. माझा हा संशय फिटला. पण आणखी एक आहे, तोही सांग." हे बारा वेळा! शेवटी केशी पाच महाव्रतांचा स्वीकार करतात.

---

शौरसेनी (सोमवार, संध्याकाळी ६:५५)

वर सांगितलेलं सगळं श्वेतांबर आगमांतलं आहे, हे इथं स्पष्ट असावं. आम्ही दिगंबर ते आगम प्रमाण मानत नाही. पार्श्वनाथांचे मुनी सवस्त्र होते हेही आम्हाला मान्य नाही. विवाहाबद्दलही फरक आहे: श्वेतांबर कथांत प्रभावतीशी विवाह येतो, आमच्या पुराणांत ते बालब्रह्मचारी. आणि ज्याला तुम्ही कमठाचा जीव म्हणता तो उपसर्ग (छळ) करणारा देव आमच्याकडे शंबर, त्यांच्याकडे मेघमाली.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. आमच्या मूलाचार या मुनींच्या आचारग्रंथातही एक गाथा आहे की बावीस तीर्थंकरांनी सामायिक संयम सांगितला आणि ऋषभ व महावीर यांनी छेदोपस्थापना. म्हणजे मधल्यांना एकच अखंड व्रत पुरलं, पहिल्या आणि शेवटच्यांना ते वेगवेगळं मोडून सांगावं लागलं. कारणही जवळजवळ तेच, शिष्यांचा स्वभाव. दोन परंपरा इतक्या दूर गेल्यावरही ही आठवण दोघींकडे उरली, याचा अर्थ ती फार जुनी असणार. लहानपणापासून ही गाथा मी पाठ म्हणत आलो, तिच्या शेजारी केशी-गौतम ठेवून आज पहिल्यांदा वाचली.

---

सुप्रभा (सोमवार, रात्री ९:३०)

मी एका जागी अडकलेय. चौथ्या यामात ब्रह्मचर्य आधीपासून होतंच, याचं स्पष्टीकरण अभयदेवसूरींच्या टीकेत, म्हणजे आगमावरच्या भाष्यात, असं आहे की स्त्रीचा परिग्रह केल्याशिवाय, म्हणजे तिला आपली म्हणून धरल्याशिवाय, तिचा भोग घेता येत नाही, म्हणून परिग्रह सोडला की मैथुनही सुटलं. म्हणजे स्त्री ही धन, धान्य, जमीन यांच्या ओळीत बसली. मी बाई म्हणून हे वाचते तेव्हा दुखतं. हा पार्श्वनाथांचा विचार म्हणायचा का?

---

लिपिकार (सोमवार, रात्री १०:१८)

सुप्रभा, तुमचं दुखणं रास्त आहे. ती टीका अकराव्या शतकातली, पार्श्वनाथांनंतर हजार-दीड हजारांहून जास्त वर्षांनी लिहिलेली. मूळ शब्द फक्त 'बहिद्धादाण'. त्यात स्त्री नाही, पुरुष नाही. जे बाहेरचं आहे ते ओढून आपलं करणं, एवढंच. एखाद्या साध्वीनं हा याम घेतला तर तिच्यासाठी त्याचा अर्थ काय, हे टीकाकारानं विचारलं नाही.

आणि साध्वी होत्या, भरपूर होत्या. कल्पसूत्रात पार्श्वांच्या संघाची मोजदाद आहे: आर्यदत्तांच्या हाताखाली १६,००० श्रमण आणि पुष्पचूलांच्या हाताखाली ३८,००० श्रमणी. आकडे परंपरेचे आहेत, जनगणनेचे नव्हेत. पण साधूंच्या दुपटीहून जास्त साध्वी होत्या अशी आठवण त्या परंपरेनं जपली आहे.

ज्ञाताधर्मकथेच्या दुसऱ्या भागात कालीची कथा आहे. आमलकप्पा नगरीतली, लग्न न जमलेली, वय उलटून गेलेली कुमारी. पार्श्व गावात येतात, ती ऐकते, आईवडिलांची परवानगी घेते आणि दीक्षा घेते. पार्श्व तिला पुष्पचूलांच्या स्वाधीन करतात. पुढं तिला सारखे हातपाय धुण्याची सवय लागते, बाकीच्या साध्वी टोकतात, ती वेगळी राहू लागते. कथेच्या दृष्टीनं हा दोष आहे आणि त्याची आलोचना, म्हणजे गुरूपुढं कबुली, न देता ती मरते. तरी ती देवी होते. घरात कुणाला नको असलेल्या बाईला त्या संघानं दार उघडलं होतं, हे मला त्या कथेत दिसतं.

---

सुप्रभा (सोमवार, रात्री १०:४१)

पुष्पचूला. हे नाव मी लिहून ठेवलं. आभार.

---

मांडवीतीर (मंगळवार, सकाळी ८:१५)

धाग्यात एक नाव आलं पाहिजे, आमच्या गोव्याचं: धर्मानंद कोसंबी. १८७६ साली साखवाळात जन्म, बौद्ध धर्माच्या शोधात घर सोडून गेलेला माणूस. 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' हे त्यांचं पुस्तक मराठीत आहे, त्यांच्या पश्चात छापलं गेलं. वारणाकाठ, तुमच्या नातीचा प्रश्न त्यांनी उलट्या बाजूनं विचारला होता: बुद्धाला हा धर्म कुठून मिळाला? बौद्धांच्या अंगुत्तरनिकायात वप्प नावाचा शाक्य निगंठांचा श्रावक म्हणून येतो, अट्ठकथा (जुनं पाली भाष्य) त्याला बुद्धाचा चुलता म्हणते. म्हणजे कपिलवस्तूत पार्श्वांची शिकवण पोचली होती आणि बुद्धाची घडण त्याच मातीत झाली, असं त्यांचं म्हणणं. चार याम साधूपुरते न ठेवता समाजाच्या मालमत्तेच्या व्यवहारालाही लागू व्हावेत, ही त्यांची तळमळ होती.

त्यांनी हे जगूनही दाखवलं. शरीर थकल्यावर उपवासानं देह ठेवायचा निर्णय घेतला. गांधीजींच्या सांगण्यावरून एकदा उपवास सोडला, पण पुढं सेवाग्रामला ४ जून १९४७ रोजी अन्नत्याग करूनच गेले. जन्मानं सारस्वत, अभ्यासानं बौद्ध, आणि मरण जैनांच्या सल्लेखनेसारखं (अन्न सोडून शांतपणे देह ठेवण्यासारखं).

---

शौरसेनी (मंगळवार, सकाळी ९:०२)

कोसंबींच्या महावीरांच्या आहाराविषयीच्या लेखनावरून समाजात केवढा वाद झाला होता हे विसरून चालणार नाही. माझ्या वडिलांच्या मनात तो राग शेवटपर्यंत होता आणि मलाही कोसंबींचं ते मत पटत नाही. पण चातुर्यामावरचं पुस्तक वाचायला हवं, हे कबूल करतो.

---

पायवाट (मंगळवार, दुपारी ४:५०)

गेल्या माघात शिखरजीची, म्हणजे सम्मेद शिखराची, वंदना केली. मधुबनातून रात्री दोनला निघालो. नऊ किलोमीटर चढ, नऊ किलोमीटर टोंकांची (तीर्थंकरांच्या निर्वाणस्थानांची) परिक्रमा, नऊ किलोमीटर उतार, असं लोक सांगतात. माझ्या गुडघ्यांनी ते मोजून घेतलं. सीतानाल्याशी हातपाय धुतले, थंडीनं बोटं वळत नव्हती.

टोंकांवर मूर्ती नाहीत, चरण आहेत. वीस तीर्थंकर या डोंगरावरून मोक्षाला गेले, पण डोंगराचं नाव एकट्याच्या नावानं, पारसनाथ. पार्श्वनाथांची टोंक सुवर्णभद्र कूट सर्वांत उंच आणि सर्वांत शेवटी येते. तिथं पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. खाली झारखंडची झाडी आणि धुकं. अक्षता वाहताना वाटलं की सत्तर वर्षं चालून चालून हा माणूस शेवटी इथवर चढला, आणि मग थांबला.

आमची डोली उचलणारे दोघं संथाळ होते (आईला चढवत नव्हतं). त्यांच्यासाठी हाच डोंगर मारांग बुरू, त्यांचा देव. २०२३ च्या जानेवारीत पर्यटनाविरुद्ध आपण सगळे रस्त्यावर उतरलो, केंद्रानं ते थांबवलं, चांगलं झालं. पण डोंगर त्यांचाही आहे, हे मी आईची डोली त्यांच्या खांद्यावर पाहून शिकलो.

---

ओंजळ (मंगळवार, रात्री ८:०८)

पायवाट, डोळे भरून आले. मला शिरपूर आठवलं. वाशिम जिल्ह्यातलं अंतरिक्ष पार्श्वनाथ, जमिनीला न टेकणारी मूर्ती म्हणून लहानपणी ऐकलेलं. दोन पंथांच्या वादात १९८१ पासून कुलूप. आमची एक पिढी खिडकीतून दर्शन घेत मोठी झाली. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दार उघडलं. केशींनी गौतमांना बसायला गवत पुढं केलं होतं, हे वर वाचलं आणि तिथल्या त्या बंद दाराची फार खंत वाटली.

---

वारणाकाठ (बुधवार, रात्री ९:२५)

सर्वांचे मनापासून आभार. तीन दिवस सगळं वाचतेय, वहीत उतरवतेय.

काल नातीला केशी-गौतमांची गोष्ट सांगितली. ती मध्येच म्हणाली, "मग केशी हरले?" मी म्हटलं, नाही गं, त्यांचे संशय फिटले. तिनं थोडा विचार केला आणि विचारलं, "पण आधी कोण कुणाकडे गेलं?" मी सांगितलं, गौतम गेले. "ते मोठे होते?" नाही, केशींचं कुळ मोठं होतं. यावर ती काही बोलली नाही, पण झोपताना स्वतःशीच म्हणत होती, "गवत दिलं बसायला."

शौरसेनी, आम्हीही दिगंबर. पंडितजींना विचारलं की पाठशाळेत उत्तराध्ययनातली गोष्ट सांगितली तर चालेल का. ते थोडे थबकले, मग म्हणाले, मूलाचाराची गाथा आधी सांगा, मग ती सांगा. तसंच करणार आहे.

रविवारी बस्तीत चौदा मुलं येतात. फळ्यावर चार याम लिहायचे आहेत. 'मारायचं नाही', 'खोटं बोलायचं नाही', 'दिल्याशिवाय घ्यायचं नाही' इथपर्यंत झालं. चौथ्याला 'अपरिग्रह' लिहिलं तर मुलं पाठ करतील आणि सोडून देतील. 'साठवायचं नाही' म्हटलं तर त्यांच्या घरी गुळाच्या ढेपी आणि वर्षाचं जोंधळं असतं, आणि ते शेतकऱ्याला साठवावंच लागतं. नऊ वर्षांच्या पोराला कळेल आणि घरी जाऊन आईला सांगता येईल असा शब्द हवा आहे. जागा कोरी ठेवलीय. कुणाच्या गावाकडे, आजीच्या तोंडी असा काही शब्द असेल तर शनिवारपर्यंत कळवा.